बर्फ लागलेला हात

आमच्या गावात फौजेतून परत आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात. मग तो तिथे भाकऱ्या भाजत असो नाहीतर खेचरं हाकत असो. हिराजीला ते अजिबात खपायचं नाही. "ताय, मी नायक व्हतो, नायक. मेजर लय वर असतो. त्याच्यासमोर उभं ऱ्हायला बी आमचे पाय लटपटायचे." असं तो मला शंभरदा तरी म्हणाला असेल, आणि शंभरदा मी त्याला म्हटलं असेल, "बरं मेजर, भाकरी किती घालू?" गेल्या गणपतीनंतर तो गेला. गावात मेजर अजून तीन आहेत, पण त्यांना मेजर म्हटलं की ते खूश होतात. चिडणारा तो एकटाच होता, आणि चिडवण्यात मजा होती ती त्याच्यापुरतीच.

माझी खानावळ मुरुडला, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. सहा टेबलं, मागे चूल आणि शेगडी, आणि भिंतीवर टीव्ही. टीव्ही मी पर्यटकांसाठी घेतला. मासे तळून होईपर्यंत माणसं कुरकुरतात, तेवढा वेळ त्यांचं तोंड बंद राहावं म्हणून. सव्वीस जानेवारीला आणि पंधरा ऑगस्टला त्याच्यावर सकाळपासून लढाईचे सिनेमे लागतात, आणि त्या दोन दिवशी हिराजी हटकून पुढच्या टेबलावर येऊन बसायचा. बरं, आवड म्हणून बघावं तर तसंही नाही. बघायचा आणि भांडायचा.

"वाफ कुठाय?" तो ओरडायचा. "येवढ्या थंडीत तोंडातून वाफ नको यायला? ह्यो काय मुरुडच्या किनाऱ्यावर हाय का?"

हिरो बर्फाचा चढ धावत चढायला लागला की हा कपाळाला हात लावायचा. "पळतोय! आनि वर घोषना पन देतोय! ताय, तिथं तीन पावलं टाकली का थांबायचं. दम घ्यायचा. मग चौथं. भांडायला दम पुरत न्हाय तिथं, घोषना कुठली देतोस, शान्या!" हिरोचा चेहरा दिसावा म्हणून गॉगल कपाळावर चढवलेला असायचा. "तासाभरात आंधळा व्हनार हा," हिराजी जाहीर करायचा, जसा काही हिरोचा जामीनच तो राहिला होता.

एकदा मुंबईचं एक गिऱ्हाईक वैतागलं. "काका, पिक्चर बघू द्या ना."

"बगा की," हिराजी म्हणाला. "मी कुठं न्हाय म्हनतोय? फक्त त्याच्या हातात मोजे न्हाईत, येवढं बगा."

सगळी माणसं हिरोच्या तोंडाकडे बघायची, हा हाताकडे बघायचा. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. कुणाला कशाची खोड असते, कुणाला कशाची.

वाळवंटातला सिनेमा असला तर मात्र तो जरा मऊ व्हायचा. तिकडे त्यानं सात महिने काढले होते, आधी सुरुंग पेरायला आणि मग तेच सुरुंग काढायला. लढाई झालीच नाही. "पिक्चरमध्ये झेंडा लावला का संपलं," तो म्हणायचा. "आमचं तिथून पुढं चालू व्हायचं. पेरताना नकाशा केलेला असतो, पन वाळूला कुठं नकाशा ठाव असतो? आज हितं पेरलेला उद्या तिथं. गुडघ्यावर बसून काडीनं टोचत टोचत जायचं, जशी काय आपली बाया-मानसं चिखलात शिंपले शोधतात."

कुणी तरणा पोरगा हमखास विचारायचाच, "मेजर, तुम्ही मारले किती?"

"एक."

पोरगा सरसावून बसायचा. "कोण होता?"

"उंट."

सगळी खानावळ हसायची. तो हसायचा नाही. ताटातल्या भाताला आकार देत राहायचा. त्यानं पेरलेल्या सुरुंगावर पाय पडून मेलेल्या उंटाचा म्हातारा मालक कुंपणाच्या तारेपाशी येऊन दिवसभर रडत बसला होता, आणि त्याला काय सांगायचं हे कुणालाच सुचेना, म्हणून त्यांनी त्याला चहा पाजला. दोनदा पाजला. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, गिऱ्हाईक नसताना.

बर्फाबद्दल मात्र तो टीव्हीशीच बोलायचा, माणसांशी नाही. आणि बर्फावर त्याच्याबरोबर असलेला माणूस तर आमच्याच कोळीवाड्यात राहत होता.

तो बाळाराम. हिराजीच्या शेजारच्या घरातला, दोघं एका वयाचे, एका दिवशी भरती झाले, एका पलटणीत पडले आणि एकदमच त्या उत्तरेच्या हिमनदीवर गेले. ग्लेशर म्हणायचे दोघं. हिराजी धडधाकट परत आला. बाळारामच्या उजव्या हाताला अंगठा तेवढा राहिला होता, चारही बोटं मुळापासून गेलेली.

आता गंमत ऐका. गंमत कसली म्हणा, पण आमच्या गावाचं डोकं कसं चालतं ते ऐका. बाळाराम परत आला तेव्हा गावानं विचारलं, काय झालं? तो म्हणाला, बर्फ लागला. आणि कोळीवाडा हसला! आमच्याकडे बर्फ लागतो तो मासळीला. पापलेटला बर्फ नीट लागला का, सुरमईला कमी लागला का, हे आम्ही उठल्यापासून बोलतो. बंदरावरच्या बायका लाद्या फोडून, कोपरापर्यंत हात घालून, टोपल्या भरतात. हात बधिर झाले की शेगडीवर धरतात, चोळतात, शिव्या घालतात आणि पुन्हा कामाला लागतात. बर्फानं कुणाची बोटं गेलेली इथं कुणी बघितलेली नाहीत. "बर्फानं गेली म्हनं!" एक म्हातारी म्हणाली, "मंग माजी कवाच जायला पायजे व्हती."

बाळाराम त्यानंतर दोन महिने घराबाहेर पडला नाही.

तेव्हा हिराजी सुट्टीवर आला, आणि नाक्यावर उभं राहून त्यानं सांगून टाकलं की बाळारामची बोटं तोफगोळ्यानं गेली, चौकी राखताना. झालं! गावानं मान तुकवली. शाळेत सत्कार झाला, नारळ दिला, शाल दिली. तेव्हापासून तीस वर्षं गावाच्या हिशेबी तो तोफगोळाच राहिला. बाळारामनं सुद्धा तो घेतला, काय करणार बिचारा. बर्फाला मान नव्हता, गोळ्याला होता.

हे मला पुढे कळलं. तेव्हा मला एवढंच दिसायचं की दर शुक्रवारी दुपारी हिराजी बाळारामच्या अंगणात बसून त्याची जाळी विणून, सांधून देतो. एका अंगठ्यानं काही जाळ्याची सुई चालत नाही. बाळाराम समोर बसून डाव्या हातानं दोरा धरायचा आणि चुका काढायचा. "भोक बग केवढं ठेवलंस! देवमासा जाईल त्यातून!" हिराजी मुकाट्यानं उसवून परत घालायचा. जगाशी भांडणारा माणूस त्या अंगणात गाय व्हायचा. मी म्हणायचे, मैत्री असावी तर अशी.

एक दिवस त्यानं माझ्या खानावळीत भलताच तमाशा केला. पुष्पा म्हणून माझी मासळीवाली आहे. थंडीचे दिवस, सकाळी लाद्या फोडून आलेली, हात लालभडक. तिनं नेहमीसारखे हात शेगडीवर धरले. हिराजी बाहेर चहा पीत होता. तो असा काही धावत आत आला की मला वाटलं, कुठे आग लागली. त्यानं तिचे हात ओढले आणि शेगडी लाथेनं उडवली. निखारे एकीकडे, माझं कालवणाचं पातेलं दुसरीकडे, पुष्पा किंचाळतेय.

"मेजर, डोकं फिरलं काय तुमचं?" मी झारा घेऊनच पुढे झाले. खरंच मारला असता.

तो घामानं भिजला होता. "कोमट पानी दे तिला, ताय," तो म्हणाला. "कोमट. जाळ न्हाय. जाळ न्हाय दाखवायचा." आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी चुन्याचा डबा घेऊन आला आणि कालवणानं रंगलेली भिंत त्यानं स्वतः पांढरी करून दिली. का केलंस म्हणून विचारलं तर म्हणाला, "सवय." मी म्हटलं, ही कसली मेली सवय!

मग तो डायरेक्टर आला. अलिबागकडे त्याचा बंगला होता, आणि किनाऱ्यावर कुठल्या जाहिरातीचं शूटिंग करताना माझ्याकडे जेवायला यायचा. तरुण, दाढीवाला, बोलायला गोड, बोंबील तर असे खायचा की मला त्याचा राग करताच येईना. त्यानं बाळारामचा हात बघितला आणि त्याचे डोळे चमकले. बर्फातल्या लढाईवर त्याला सिनेमा करायचाच होता म्हणे. खऱ्या माणसाची खरी कहाणी हवी होती. दोन दिवसांनी त्यानं दोघांना माझ्याकडेच बसवलं, दुपारी तीनच्या सुमाराला, गिऱ्हाईक नसताना. फोन चहाच्या कपाला टेकवून उभा केला आणि रेकॉर्डिंग लावलं.

"काका, तो गोळा कसा पडला तिथपासून सांगा."

बाळारामनं हिराजीकडे बघितलं, मग हसला. दाढी केली होती त्यानं त्या दिवशी, इस्त्रीचा शर्ट घातला होता. "साहेब, आता म्हातारे झालो, आता काय लपवायचं? गोळा-बिळा काय न्हाय. बर्फानंच गेली."

हिराजीचा चहा ओठापाशी थांबला.

बाळाराम सांगत गेला, आणि त्याला सांगताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. दोघंच एका चौकीवर, फायबरच्या झोपडीत. तीन दिवस वादळ. दिवसाही बाहेर हात पुढे केला तर दिसत नाही असं. टेलिफोनच्या तारेचं काही तुटलं म्हणून बाळाराम बाहेर गेला, दोर सुटला, मोजा उडाला, वाट चुकला. हिराजी कमरेला दोर बांधून त्याला शोधायला बाहेर पडला आणि त्याला ओढत आत घेऊन आला. "मी मेलोच व्हतो. बोटं लाकडासारखी, पांढरी. ह्यानं काय करावं? माझा हात चोळला, तासन् तास चोळला. मग रॉकेलच्या स्टोव्हवर धरला. मना काय कळतच नव्हतं. ह्यो रडत व्हता आनि हात शेकत व्हता. बोटं गेली ती गेली, पन मी जगलो ते ह्याच्या हातानं."

"ओह, हाच सीन!" डायरेक्टर जवळजवळ उठलाच. "हाच माझा क्लायमॅक्स. ज्योतीवर धरलेला मित्राचा हात. बाहेर वादळ, आत ती ज्योत. गोळा-बिळा गेला उडत."

"तर काय!" बाळाराम फुलला. "आवो, माझा मंगेश आता त्याच बाजूला चाललाय पुढच्या महिन्यात. मी त्याला सांगितलंय, वर कुनाचा हात असा झाला का सोडू नको. हिराजीकाकासारखा धर आनि शेक."

मंगेश म्हणजे बाळारामचा मुलगा. तीन वर्षांपूर्वी भरती झालेला.

हिराजीनं कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला, त्याला कळलं नाही. "ते पिक्चरमध्ये घेऊ नका," तो डायरेक्टरला म्हणाला. आवाज इतका बारीक की मी चुलीपासून पुढे आले.

"का काका? किती सुंदर आहे."

"चूक हाय ते."

"कसली चूक?" बाळारामनं विचारलं. अजून हसतच होता.

"बर्फ लागलेला हात चोळायचा न्हाय. जाळावर तर धरायचाच न्हाय. आत मांस मरतं. वर जायच्या आधी शिकवलं व्हतं आपल्याला, बाळ्या. तुला बी, मना बी. दोनदा शिकवलं. पन तू असा समोर पडलेला, आनि मना काय सुचना. आपल्या बंदरावर करतात तेच केलं मी. शिकवलेलं डोक्यात व्हतं रे, हात मात्र कोळीवाड्याचाच ऱ्हायला."

फोन चालूच होता.

"हेलिकॉप्टरनं खाली नेलं तुला. मी चार दिवसांनी उतरलो. डॉक्टरसाहेब व्हता तिथं, त्यानं मना विचारलं, किसने सेंका ये हाथ? म्हनाला, दोन बोटं राहिली असती. शेकला नसता तर दोन वाचली असती." त्यानं बशी बाजूला सारली. "मी म्हनलो, मालूम नहीं साब."

बाळारामचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, उतरवायचं विसरल्यासारखं. त्यानं आपला उजवा हात टेबलावरून उचलून मांडीवर ठेवला, टेबलाखाली. उठला. चपला घातल्या आणि गेला. अहो, शिवी द्यायची तरी! शिवी दिली असती तर मी त्याला देव मानला असता.

डायरेक्टर घसा साफ करून म्हणाला, "पण इमोशनली बघितलं तर काका, सीन अजूनही..."

"उठा," मी म्हटलं. "तुमचे बोंबील झाले, चहा झाला. उठा आता."

तो परत आला नाही. त्याचा सिनेमा निघाला की नाही, मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचंही नाही.

त्या आठवड्यातल्या शुक्रवारी हिराजी सुई-दोरा घेऊन बाळारामच्या अंगणात गेला. बाळारामची बायको जानकी दारात आली, म्हणाली, "घरात न्हाईत." बाळारामच्या चपला पायरीवरच होत्या. हिराजी खाली बसला आणि समोरचं जाळं ओढून घेऊन विणायला लागला. जानकीनं ते त्याच्या मांडीवरून उचलून घेतलं. "ऱ्हाऊ द्या भावोजी," ती म्हणाली, आणि आत जाऊन रडली. हे तिनंच मला सांगितलं. मी म्हटलं, "अगं, इतकी वर्षं त्यानं तुमची जाळी विणली." ती म्हणाली, "ताय, तीस वर्षं ह्यांनी एका हातानं विडी पेटवली, एका हातानं बटनं लावली, पोर झालं तवा एका हातानं घेतलं. ते कोन मोजनार?" खरं होतं ते पण.

मात्र एक गोष्ट तिनं आणखी सांगितली. त्याच संध्याकाळी बाळारामनं मंगेशला फोन लावला होता. एवढंच म्हणाला, "मी सांगितलेलं इसर. तिथं शिकवतील तसंच कर." आणि फोन ठेवून दिला.

हे मी हिराजीला मुद्दाम जाऊन सांगितलं. तो जेवायला येईनासा झाला होता, म्हणून डबा घेऊन गेले होते. त्यानं ऐकलं, दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले. "बस," म्हणाला. "तेवढंच पायजे व्हतं." पण तेवढंच पाहिजे असलेल्या माणसासारखा तो दिसत नव्हता. गालफडं बसली होती. दाढी वाढली होती. पंधरा ऑगस्ट आला, टीव्हीवर दिवसभर लढाया झाल्या, आणि पुढच्या टेबलावर पुण्याचं एक कुटुंब शांतपणे बांगडे खात बसलं होतं. मला मेलं ते बघवेना, मी टीव्ही बंद केला.

मी त्याला शेवटचं नीट बघितलं ते नारळी पौर्णिमेच्या दोन-चार दिवस आधी. होड्या अजून किनाऱ्यावरच होत्या, रंग लावून वाळत ठेवलेल्या. दुपारची वेळ, ओहोटी. मी सुकट बघायला बंदरावर गेले होते. हिराजी धक्क्याच्या पायऱ्यांपलीकडच्या दगडी कट्ट्यावर एकटाच बसला होता, पाण्याकडे तोंड करून. मी हाक मारणार, तेवढ्यात पलीकडून बाळाराम येताना दिसला. मी होडीच्या आडोशाला थांबले. चोरून ऐकणं वाईट, पण मी ऐकलं.

बाळाराम त्याच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. उजवा हात पुढे केला.

"कंची दोन?" त्यानं विचारलं.

हिराजीनं वर बघितलं.

"डॉक्टर म्हनाला ना, दोन वाचली असती. कंची दोन?"

हिराजीनं त्याचा हात हातात घेतला. मग बोटं नव्हती तिथे, पहिल्या दोन गाठींवर, एकेक करून स्वतःचं बोट टेकवलं. बाळाराम त्या दोन गाठींकडे बघत राहिला. हात मागे घेतला नाही त्यानं.

"त्यानं विचारलं तवा खरं का न्हाय सांगितलंस?"

"भ्यालो."

"साहेबाला?"

"तुला," हिराजी म्हणाला.

बाळाराम उभाच राहिला. खाली चिखलात खेकडे सरसरत होते, कुठेतरी कुणी इंजिन चालू करून बघत होतं, ते दोनदा बंद पडलं. मला वाटलं, हा आता जाणार. त्या दिवशी गेला तसाच जाणार.

"सरक जरा," बाळाराम म्हणाला.

हिराजी मेजर सरकला.